टुंड्रावरचे शंभर बिंदू

“तुम्हाला बरोबर नेलं तर आमच्या कामाला त्याचा काय उपयोग?” अलास्कात मोहिमेवर जाणाऱ्या एका संशोधक गटाने मुलाखतीत विचारलेला हा प्रश्न मला पटला. आर्क्टिकमध्ये झाडं वाढण्याचा हंगाम जेमतेम दहा-बारा आठवड्यांचा. तेवढ्यात वर्षभराची मोजणी उरकायची असते आणि तळावर खाटाही मोजक्याच असतात. त्यातली एक खाट शाळेतल्या शिक्षिकेला द्यायची, तर त्याला कारण हवं. मी सांगितलं, मला तिथली झाडं ओळखायला शिकवा, मी न कंटाळता बसून मोजेन. आणि परत आल्यावर मुलांना नुसते फोटो दाखवणार नाही, मोजायचं कसं ते शिकवीन. त्यावर गटप्रमुख बाईंनी विचारलं, “आणि डासांची तयारी आहे ना?” तिथेच मला वाटलं, आपली निवड होणार.

मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर न्यू जर्सीत आले, इथे शिक्षणशास्त्राची पदवी घेतली आणि आता एका सरकारी शाळेत आठवीला भूविज्ञान शिकवते. शिक्षकांना ध्रुवीय संशोधनमोहिमांवर पाठवण्याची पद्धत अमेरिकेत १९९०च्या दशकापासून आहे. २००७ साली आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष सुरू झालं, तेव्हा ‘पोलरट्रेक’ हा कार्यक्रम उभा राहिला. पैसा नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेचा होता, व्यवस्था अलास्कातल्या फेअरबँक्सच्या ‘आर्कस’ या संस्थेची. शिक्षकाची एखाद्या संशोधक गटाशी सांगड घालायची आणि त्याने त्या गटाबरोबर साधारण दोन ते सहा आठवडे काम करायचं, असा त्याचा गाभा होता. पाहुणा म्हणून जायचं नाही, गटाचा माणूस म्हणून जायचं.

अर्ज लांबलचक होता. पण त्यात ध्रुवप्रदेशाबद्दल तुम्हाला किती माहिती आहे हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते असं : अवघड परिस्थितीत अनोळखी माणसांबरोबर राहिला आहात का? एखादी गोष्ट मुलांना समजत नव्हती, तेव्हा तुम्ही काय बदललंत? परतल्यावर शाळेबाहेरच्या लोकांपर्यंत हे कसं पोचवाल? मुख्याध्यापकांचं पत्रही लागलं. अर्जांच्या चाळणीतून जी नावं उरायची, त्यांच्याशी संशोधक स्वतः बोलायचे आणि आपला शिक्षक निवडायचे. हे मला फार योग्य वाटतं. ज्याच्याबरोबर चिखलात गुडघे टेकून बसायचं, तो माणूस दुसऱ्या कुणी ठरवून पाठवू नये.

निवड झाल्यावर ऐन हिवाळ्यात फेअरबँक्सला प्रशिक्षण झालं. अंटार्क्टिकाला निघालेले शिक्षकही तिथे भेटले. त्यांच्या मागे वैद्यकीय तपासण्यांचा ससेमिरा होता. रक्त, हृदय आणि दातांचे एक्स-रेसुद्धा. मॅकमर्डो तळावर दाढ ठणकायला लागली, तर परतीचं विमान मनात येईल तेव्हा मिळत नाही. उत्तरेला जाणाऱ्या आम्हाला त्या मानाने सोपं होतं.

त्या आठवड्यातली एक जागा मात्र माझ्यासाठी सगळ्या तयारीपेक्षा मोठी ठरली. फेअरबँक्सच्या उत्तरेला फॉक्स नावाची वस्ती आहे. १९६०च्या दशकात लष्कराच्या अभियंत्यांनी तिथल्या गोठलेल्या टेकडीत बोगदा खणला. आत शिरल्यावर आधी वास येतो, ओल्या, कुजणाऱ्या पाल्याचा. भिंती मातकट, भुसभुशीत दिसतात. हात लावला की दगडासारख्या टणक. त्यांतून मॅमथची आणि हिमयुगातल्या गव्यांची हाडं डोकावतात, गवताची मुळं लोंबतात. मधूनच काळपट बर्फाची पाचर वरून खाली उतरलेली दिसते. ही माती हजारो वर्षं वितळलेली नाही. तिच्यातली मुळं-पानं कुजायची राहूनच गेली आहेत. हवा आणि ऊब मिळाली की सूक्ष्मजीव ते राहिलेलं काम सुरू करतात आणि कार्बन डायऑक्साइड, मिथेन बाहेर पडतात. तो वास त्याचाच.

पर्माफ्रॉस्ट म्हणजे निदान सलग दोन वर्षं गोठलेली जमीन, ही व्याख्या मी कितीतरी वेळा फळ्यावर लिहिली होती. उत्तरेकडच्या अशा जमिनींत सुमारे दीड लाख कोटी टन कार्बन आहे, आज वातावरणात आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट, हेही शिकवलं होतं. त्या बोगद्यात उभं राहून हा आकडा पहिल्यांदा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. आणि त्याच्या पाठोपाठ प्रश्न आला : हे मोजलं कुणी, आणि कसं? उन्हाळ्यात मला तेच पाहायचं होतं.

जूनअखेर आमची शाळा सुटली आणि मी निघाले. फेअरबँक्सहून टूलिकचं संशोधन केंद्र सुमारे सहाशे किलोमीटरवर आहे. बराचसा रस्ता खडीचा. १९७४ साली तेलवाहिनीच्या कामासाठी बांधलेला हा डाल्टन महामार्ग. समोरून मालट्रक आला की आमचा चालक गाडी कडेला घ्यायचा, तरी खडे काचेवर ताडताड आदळायचे. युकॉन नदी ओलांडली, आर्क्टिक वृत्ताची पाटी मागे पडली, कोल्डफूटला इंधन भरलं. पुढे ब्रूक्स पर्वतरांगेतली सुमारे १,४४० मीटर उंचीची अटिगन खिंड चढून पलीकडे उतरलो. तिथून पुढे टुंड्रा, म्हणजे गोठलेल्या जमिनीवरचा बुटक्या झाडांचा उघडा माळ. एकही उंच झाड नाही. डोळ्यांना आडवं येणारं काहीच उरत नाही.

वाटभर सोबत होती ती तेलवाहिनी. १९७७मध्ये पुरी झालेली, जवळपास १,२९० किलोमीटर लांब. निम्म्याहून अधिक अंतर ती खांबांवरून जाते, कारण आतलं तेल गरम असतं आणि जमिनीत पुरली तर खालचं बर्फ वितळून तीच खचेल. खांबांच्या आत नळ्या आहेत, त्यांत अमोनिया. हिवाळ्यात खालच्या जमिनीच्या उबेने अमोनियाची वाफ होते, वर जाते, थंड हवेत उष्णता सोडून पुन्हा द्रव होऊन खाली येते. मोटर नाही, वीज नाही. मी गाडी थांबवायला लावली आणि वहीत आकृती काढली. बाष्पीभवन आणि संघनन शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

टूलिक हे अलास्का विद्यापीठाने १९७५मध्ये एका सरोवराच्या काठी वसवलेलं केंद्र. आजूबाजूचा हा मुलूख इनुपिआत लोकांचा, कॅरिबूंच्या, म्हणजे तिथल्या रानटी रेनडियरच्या, मागे फिरणाऱ्या त्यांच्या पूर्वजांचा. केंद्रावर राहायचे नियम कडक. आंघोळ आठवड्यातून दोनदा, दोन-दोन मिनिटांची, कारण सांडपाणी टुंड्रावर सोडत नाहीत, टँकरमधून बाहेर नेतात. पहिल्या दिवशी अस्वलापासून जपायचं कसं, रेडिओवर बोलायचं कसं, बाहेर जाताना फळ्यावर नाव आणि परतायची वेळ कशी लिहायची, हे शिकवलं. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला कोळ्यांचा अभ्यास करणारी मुलगी, दुसऱ्या बाजूला सरोवरातलं फॉस्फरस मोजणारा मुलगा. दोघं बोलता बोलता एकमेकांचे आलेख नॅपकिनवर काढायचे. अशा टेबलावर शाळेतल्या शिक्षकाने आयुष्यात एकदा तरी जेवावं, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या गटाचं काम होतं १९९०मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय टुंड्रा प्रयोगाचं. पद्धत अशी : टुंड्राच्या काही तुकड्यांवर पारदर्शक फायबरग्लासच्या, वरून उघड्या, षटकोनी चौकटी ठेवायच्या. त्या वारा अडवतात, आतली ऊब धरून ठेवतात, त्यामुळे आतलं तापमान एक ते तीन अंशांनी वाढतं. शेजारचा तसाच तुकडा उघडा ठेवायचा. मग दोन्हीकडे कुठलं झाड कधी पालवलं, कधी फुललं, किती उंच झालं याची वर्षानुवर्षं नोंद ठेवायची.

लांबून टुंड्रा एकसारखी तपकिरी-हिरवी दिसते. खाली वाकल्यावर मला कासचं पठार आठवलं. तिथेही पातळ मातीच्या थरावर घोट्याएवढी झाडं आणि तळहाताएवढ्या जागेत दहा प्रकारची पानं. इथे खाली कातळाऐवजी गोठलेली जमीन आहे, एवढाच फरक. कापूसगवताचे उंचवटे गुडघ्यापर्यंत येतात आणि एकेक उंचवटा शंभराहून अधिक वर्षांचा असू शकतो. मध्ये बुटका बर्च, विलो, क्लाउडबेरी, कॅसिओपीची पांढरी घंटेसारखी फुलं. पाय द्यायचा तो लाकडी फळ्यांवरच, कारण चिरडलेलं शेवाळ लवकर भरून येत नाही.

मोजणीचं मुख्य काम बिंदूंचं. सुमारे पाऊण मीटरची चौरस चौकट, तिच्यावर आडव्या-उभ्या दोऱ्या, त्यांचे शंभर छेद. प्रत्येक छेदातून सळई सरळ खाली सोडायची आणि ती ज्या ज्या पानाला, काडीला टेकेल त्याचं नाव आणि उंची सांगायची. एकीने सांगायचं, दुसरीने लिहायचं. जिवंत की वाळलेलं, तेही सांगायचं. शंभर बिंदू म्हणजे एक चौकट, आणि चौकटी कितीतरी. डोक्यावर जाळीची टोपी, हातात मोजे, कानाशी डासांची अखंड गुणगुण. सूर्य मावळतच नाही, त्यामुळे “आता अंधार पडला, उद्या करू” म्हणायची सोय नाही.

सुरुवातीला मी नुसतं लिहीत होते. नावं पक्की झाल्यावर मला सळई मिळाली. पहिल्याच दिवशी माझं आणि माझ्याबरोबरच्या पीएचडीच्या विद्यार्थिनीचं एका कॅसिओपीवरून जुंपलं. मी म्हणत होते, फूल उमललंय. ती म्हणाली, कळी आहे. टोक उघडलं होतं, पण पाकळ्या मिटलेल्याच होत्या. तिने गटाची नियमवही काढली : पाकळ्यांच्या फटीतून आतले पुंकेसर दिसले तरच फूल, नाहीतर कळी. आम्ही दोघी पालथ्या पडून भिंगातून पाहत राहिलो. शेवटी कळी लिहिलं. ती म्हणाली, “हा नियम वीस वर्षांपूर्वी कुणीतरी असंच पालथं पडून ठरवलाय. आपण तो आज वाकवला, तर मागच्या सगळ्या आकड्यांशी आपला आकडा बोलणार नाही.”

पाठ्यपुस्तकात ‘हवामानबदलामुळे टुंड्रावर झुडपं वाढत आहेत’ असं एक वाक्य असतं. त्या एका वाक्याच्या खाली किती माणसं पालथी पडली आहेत, हे मुलांना कळत नाही, कारण ते आपण शिक्षक त्यांना सांगत नाही. आपल्याला सांगतंही कोण? विज्ञान आपल्यापर्यंत येतं ते शिजून, ताटात वाढून. मग एखादं मूल विचारतं, “हे खरं कशावरून?” आणि आपण म्हणतो, शास्त्रज्ञांनी सांगितलंय. असं उत्तर देणं मला त्या टुंड्रावर बसल्यापासून जमत नाही.

जुलैच्या सुरुवातीला एक दिवस आम्ही दुसऱ्या गटाच्या मदतीला गेलो. किलोमीटर बाय किलोमीटरच्या जागेवर दर शंभर मीटरवर एक खूण, एकूण १२१. प्रत्येक खुणेपाशी धातूची आकडे कोरलेली सळई जमिनीत दाबायची, अडेल तिथे थांबायचं, किती खोल गेली ते वाचायचं. उन्हाळ्यात वरचा थर किती वितळला, ते त्यावरून कळतं. जगभर ठिकठिकाणी १९९१पासून एकाच पद्धतीने हे मोजतात. दगडाला सळई टेकली तर टणत्कार हाताला जाणवतो. गोठलेल्या मातीला टेकली तर बोथट, मुका दणका बसतो. हा फरक कुठल्याही पुस्तकातून शिकता येत नाही, कुणीतरी शेजारी उभं राहून “पुन्हा दाब, आता सांग” म्हणावं लागतं.

आकडे काही सरळ येत नव्हते. उंचवट्याखाली एक खोली, हातभर अंतरावर भलतीच. मी त्या गटातल्या मुलाला विचारलं, “यंदा जास्त वितळलंय का?” तो म्हणाला, “ऑगस्टअखेर विचारा. आणि खरं उत्तर हवं असेल तर आणखी दहा वर्षांनी विचारा.” तो टाळत नव्हता. आर्क्टिक १९७९पासून जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलाय, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण आज, या खुणेपाशी, या सळईने किती सिद्ध होतं, हे तो मोजून-मापून सांगत होता. असा प्रामाणिकपणा मला माझ्या वर्गात हवा आहे.

शिक्षकाकडून कार्यक्रमाला हवं होतं ते रोजची दैनंदिनी आणि मोहिमेवरून थेट संवाद. पण आर्क्टिकमधलं काम उन्हाळ्यात आणि अमेरिकेतल्या शाळांना तेव्हाच सुट्टी. संवादाला ग्रंथालयांत आणि उन्हाळी शिबिरांत जमलेली मुलं होती, माझा स्वतःचा वर्ग नव्हता. मला एकदम सुचलं, महाराष्ट्रात शाळा नुकत्याच सुरू झाल्या आहेत. माझी धाकटी बहीण जावळी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. अलास्कात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तिच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेनऊ. गटप्रमुखांना विचारलं, त्यांनी आनंदाने वेळ काढला.

पडद्यावर गणवेशातली मुलं दाटीने बसलेली, बाहेर धो धो पाऊस. माझ्या मागे खिडकीतून लख्ख ऊन. मी मराठीत बोलत होते आणि गटप्रमुखांना इंग्रजीत सांगत होते. पहिला प्रश्न एका मुलीचा होता : “बाई, तिथं नांगरट करत्यात का?”

तो प्रश्न ऐकून गटप्रमुख सरसावून बसल्या. त्यांनी सविस्तर उत्तर दिलं. वरचं शेवाळ आणि कुजलेल्या पानांचा थर म्हणजे खालच्या बर्फाची गोधडी आहे. नांगर घातला की ती फाटते, उष्णता आत शिरते, बर्फ वितळतो आणि जमीन खचून खड्डा पडतो, पाणी साचतं, पाण्याने आणखी उष्णता आत जाते. कितीतरी दशकांपूर्वी तेलाच्या शोधात गाड्या गेल्या, त्यांच्या चाकांचे माग टुंड्रावर अजून दिसतात. ती मुलगी म्हणाली, “म्हंजे एकदा नांगरलं की कायमचंच.” अख्ख्या थर्मोकार्स्टचा, म्हणजे बर्फ वितळून जमीन खचण्याचा, धडा तिने एका वाक्यात सांगितला होता. मी तो गटप्रमुखांना इंग्रजीत सांगितला, तर त्यांनी तो वहीत लिहून घेतला.

दुसऱ्या एकाने विचारलं, आपलं कुणी जातं का तिकडे? जातात तर. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, नी-आलेसुंद इथे, २००८पासून भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र आहे आणि त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. आर्क्टिकमधल्या बर्फाचा आपल्या पावसाशी काय संबंध आहे, हाही तिथल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय. मुलांना वास्को माहीत होतं. कुणाचा तरी मामा तिथे बंदरात कामाला होता. आपल्याकडेही शाळाशिक्षकांसाठी मोहिमेत एखादी खाट राखून ठेवावी, असं मला तेव्हापासून तीव्रतेने वाटतं. जावळीच्या शाळेतून एक शिक्षिका हिमाद्रीवर जाऊन आली, तर त्या तालुक्यातल्या किती मुलांना विज्ञान हे आपल्यासारख्या माणसांचं काम वाटेल!

परतल्यावर कामाचा दुसरा भाग सुरू झाला, आणि तो सोपा नव्हता. मोहिमेवर आधारलेले पाठ लिहून द्यायचे होते. मी बर्फाची गोष्ट सांगणारा पाठ लिहायला घेतला आणि सोडून दिला. त्याऐवजी शाळेच्या अंगणात दंवनळी बसवली. पारदर्शक बारीक नळीत रंगीत पाणी भरायचं, ती जाड नळीत घालून जमिनीत उभी पुरायची. पाणी गोठलं की रंग बाजूला सरतो आणि बर्फ स्वच्छ दिसतो, म्हणजे जमीन कुठवर गोठली ते वाचता येतं. न्यू जर्सीतली जमीन हिवाळ्यात थोडीच गोठते, पण गोठते. मुलं दर सोमवारी वाचन घेतात. पहिल्याच महिन्यात दोन गटांचे आकडे जुळले नाहीत. मी उत्तर दिलं नाही. ते आठवडाभर भांडले आणि त्यांच्या लक्षात आलं, एक गट गवताच्या पृष्ठापासून मोजत होता, दुसरा मातीच्या.

बहिणीने तिकडे वेगळंच केलं. शाळेमागच्या सड्यावर तिने बांबूच्या चौकटीला सुतळीच्या दोऱ्या बांधल्या आणि सळईऐवजी स्वेटर विणायची सुई घेतली. पावसाळा सरताना मुलं आठवड्यातून एकदा शंभर बिंदू मोजतात. गवत, तेरडा, सोनकी, जे सुईला लागेल ते. पहिल्या वर्षी सोनकीच्या एका कळीवरून वर्ग दोन तट पडून भांडला : पिवळं दिसायला लागलं म्हणजे फुललं, की सगळ्या पाकळ्या पसरल्या म्हणजे फुललं? बहिणीने मला फोन केला, “ताई, तुमच्याकडे काय नियम आहे?” मी आमचा नियम सांगितला नाही, मुलांनाच ठरवू दे म्हटलं. त्यांनी ठरवलं : बाहेरच्या पाकळ्यांपैकी निम्म्या आडव्या झाल्या तर फूल. पुठ्ठ्याच्या वहीवर, पहिल्या पानावर, तारीख घालून ते लिहिलंय आणि खाली त्या वर्षीच्या सगळ्या मुलांच्या सह्या आहेत. नव्या मुलांना पहिल्या दिवशी ते पान वाचून दाखवतात आणि मगच चौकट हातात देतात.